सुवर्णपदकाच्या वाटेवरची गावं : वाई ते सांगली

गुरुवार : कराड, वाई, मेणवली, सातारा

२३ सप्टेंबर २०२५ला दिल्लीच्या विज्ञान भवनात ७१वे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार दिले गेले. ‘नाळ २’मधली चिमुरडी साडी नेसून राष्ट्रपतींच्या हातून पुरस्कार घ्यायला गेली आणि आमच्या शाळेत चहाच्या सुट्टीत कितीतरी दिवस तोच विषय चालला. माझं लक्ष मात्र त्याच यादीतल्या दुसऱ्या एका नावावर खिळलं. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट : ‘श्यामची आई’. हा २०२३चा. याच आईच्या गोष्टीवर आचार्य अत्र्यांनी काढलेल्या चित्रपटाला १९५४ साली, म्हणजे हे पुरस्कार सुरू झाले तेव्हा पहिल्याच खेपेला, राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं होतं. सत्तर वर्षांनी तीच गोष्ट पुन्हा दिल्लीला पोचली.

पदक कुणाला मिळालं ते आपल्याला पाठ असतं. दिग्दर्शक, नट, गायक, सगळी नावं तोंडावर असतात. पण ती गोष्ट कुठल्या गावच्या मातीतून उचलली, हे बऱ्याचदा त्या गावातल्या पोरांनाही ठाऊक नसतं. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत अशी गावं हाकेच्या अंतरावर आहेत. थंडी पडल्यावर ती बघून यायची, असं मी ठरवलं. सोबत आण्णा, माझे वडील. त्यांनी उमेदीची सगळी वर्षं फिरत्या टॉकीजवर ऑपरेटर म्हणून काढली. पुसेगाव, म्हसवड, खरसुंडी, जिथं यात्रा तिथं त्यांचा तंबू. त्यांच्याशिवाय या फिरण्यात राम नव्हता.

सकाळी कराडहून निघालो ते थेट मेणवलीला. नाना फडणविसांचा वाडा, मागे कृष्णेचा दगडी घाट, देवळाजवळ वसईहून आणलेली पोर्तुगीज घंटा. ‘स्वदेस’चं चरणपूर इथंच उभं राहिलं. त्या चित्रपटाला दोन राष्ट्रीय पुरस्कार मिळाले : छायाचित्रणासाठी महेश अणे यांना आणि ‘ये तारा वो तारा’ या गाण्यासाठी उदित नारायण यांना. बिहारची गोष्ट सांगणारा ‘गंगाजल’ याच पट्ट्यात चित्रित झाला. त्याला सामाजिक विषयावरच्या चित्रपटाचा पुरस्कार मिळाला. उत्तर प्रदेशातला म्हणून पाहिलेला ‘दबंग’सुद्धा वाईचाच, आणि त्यालाही निखळ मनोरंजन करणाऱ्या लोकप्रिय चित्रपटाचा पुरस्कार आहे.

घाटाच्या पायरीवर बसून मी आण्णांना ‘ये तारा’ मोबाईलवर दाखवलं. गावात पडदा बांधलाय, एका बाजूला वरच्या जातीची माणसं, पडद्यामागं खालच्या जातीची. मधेच वीज जाते, नायक गाणं म्हणतो आणि पडदाच खाली ओढतो. आण्णांनी गाणं संपेपर्यंत पापणी हलवली नाही.

“पडद्याच्या मागं माणसं बसायची हे खरं हाय,” ते म्हणाले. “आमच्या तंबूत न्हाई, तितं तिकीट काढलं की कुणीबी कुठंबी. पण सरकारी गाडी यायची ना फुकट सिनेमा दावायला, तवा गावात बगितलंय मी. मागनं अक्षरं उलटी दिसायची. हिरो डाव्या हातानं तलवार चालवायचा. तरीबी बसायची माणसं.”

या गाण्याबद्दल वाचलेलं सगळं त्यापुढे मला अपुरं वाटलं. ज्याने डोक्यावरून पडदा वाहिला तोच हे सांगू शकतो.

वाईबद्दल माझं एक मत आहे. या गावाने उत्तर हिंदुस्थानाला आपला चेहरा उसना दिला. त्यातून कितीतरी घरांना रोजगार मिळाला आणि ते चांगलंच झालं. पण मला ओढ होती ती ज्या गावांनी चेहरा नव्हे तर गोष्टच दिली, त्यांची.

दुपारी साताऱ्यात राजवाड्याजवळ प्रतापसिंह हायस्कूल. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या नावाने एका मुलाचा इथे दाखला झाला. हा दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिन म्हणून पाळतात. जब्बार पटेलांच्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ला ४६व्या पुरस्कारांत इंग्रजीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला, मामुट्टींना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा आणि नितीन देसाईंना कलादिग्दर्शनाचा. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या मला त्या फाटकासमोर उभं राहून एकच वाटत होतं : इथल्या प्रत्येक वर्गाने हा चित्रपट एकदा एकत्र बसून बघायला हवा. घरी मोबाईलवर तुकड्या-तुकड्यांनी नव्हे, अंधार करून, मोठ्या पडद्यावर.

शुक्रवार : कटगुण, औंध

कोरेगाव सोडल्यावर रस्त्याकडेची हिरवाई पातळ होत जाते. आण्णांनी गाडीत एक सरळ प्रश्न टाकला. “२०२३चा पिच्चर, मग बक्षीस २०२५ला कसं?”

मी सांगितलं ते असं. ज्या वर्षी, म्हणजे १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या काळात, सेन्सॉरचं प्रमाणपत्र मिळतं, ते त्या चित्रपटाचं वर्ष. मग प्रवेशिका जातात. आधी विभागवार परीक्षक मंडळं बघतात, त्यातून निवडलेले चित्रपट दिल्लीत मध्यवर्ती मंडळापुढे येतात. भाषेनुसार वेगळा पुरस्कार, शिवाय सगळ्या भाषांमधून एक सर्वोत्कृष्ट. सुरुवातीला पदक चित्रपटालाच होतं. नट-नट्यांचे पुरस्कार १९६७च्या चित्रपटांपासून सुरू झाले. पहिले मानकरी उत्तमकुमार आणि नर्गिस. आता सुवर्णकमळाबरोबर तीन लाख आणि रजतकमळाबरोबर दोन लाख रुपये मिळतात.

“आन् ज्याची गोष्ट हाय त्याला?”

पटकथेला पुरस्कार आहे, म्हटलं. गावाला नाही. आण्णा पुसेगाव येईपर्यंत गप्प होते. पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या मंदिरात जाऊन आलो. यात्रेत आपला तंबू कुठे लागायचा ती जागा त्यांनी हाताने दाखवली.

कटगुण हे महात्मा फुल्यांचं मूळ गाव. त्यांचं घराणं मूळचं गोऱ्हे, इथलं. गाव शांत आहे, शेताकडे जाणारी माणसं, बांधावर ज्वारीची कणसं राखणारी पोरं. अत्र्यांच्या ‘महात्मा फुले’ या चित्रपटाला दुसऱ्या वर्षीच्या पुरस्कारांत मराठीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रपतींचं रौप्यपदक मिळालं. पहिल्या वर्षी सोनं, दुसऱ्या वर्षी रुपं, दोन्ही अत्र्यांच्या नावावर. मराठी सिनेमाची दिल्लीतली सुरुवात एका गरीब आईने आणि एका शिक्षकाने केली, याचा मला फार अभिमान वाटतो. चौकात सायकल घेऊन उभ्या असलेल्या दोन मुलांना विचारलं, महात्मा फुल्यांवरचा सिनेमा पाहिलाय का? एकाने मान हलवली, नाही. दुसरा म्हणाला, “मॅडम, आहे का असा?”

खटावमार्गे औंधला पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. यमाईचा डोंगर, पायथ्याशी श्रीभवानी संग्रहालय. राजा रविवर्म्याची चित्रं आणि हेन्री मूरचं माता आणि बालक हे शिल्प एका खेड्यातल्या संग्रहालयात एकाच छपराखाली आहे. हे जमवणारे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्काराचे प्रचारक. १९३९ साली त्यांनी गांधीजींच्या सल्ल्याने संस्थानचा कारभार लोकांच्या हाती दिला. त्या प्रयोगामागे त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रिडमन नावाचा पोलंडहून आलेला इंजिनिअर होता. तो इथे भारतानंद झाला. माणदेशातून आलेला एक गरीब मुलगा इथल्या शाळेत शिकत होता, त्याचं नाव गजानन दिगंबर माडगूळकर.

शनिवार जो घडला त्याची मुळं इथं आहेत, म्हणून औंध नुसतं देवदर्शनासाठी उरकू नये.

शनिवार : स्वतंत्रपूर, माडगुळे, लेंगरेवाडी

मायणीवरून पुढे माणदेश सुरू झाला. मी लहानपणी पाहिलेला माणदेश म्हणजे बाभळी, कुसळं आणि टँकर. आता टेंभू योजनेतून कृष्णेचं पाणी उपसून आटपाडीपर्यंत आलंय. माळावर डाळिंबाच्या बागा दिसतात, मधेच द्राक्षांचे मांडव. पाण्याने माणसाचं चालणं बदलतं, हे वाटेत जागोजाग जाणवत होतं.

आटपाडीजवळ स्वतंत्रपूर. १९३९ साली औंध संस्थानाने इथे कैद्यांची मोकळी वसाहत सुरू केली. भिंत नाही, बेड्या नाहीत. खुनासारख्या गुन्ह्यात शिक्षा भोगणारी माणसं बायकापोरांसह राहतात आणि शेती करतात. कल्पना फ्रिडमनची, मान्यता पंतप्रतिनिधींची. जग तुरुंग बांधत होतं तेव्हा दुष्काळी मुलखातला एक राजा कैद्याच्या हातात नांगर देत होता. वसाहत आजही तुरुंग खात्याकडे सुरू आहे. आत जायला परवानगी लागते, ती आमच्याकडे नव्हती आणि तिथल्या कुटुंबांकडे टक लावून बघणंही बरं वाटलं नसतं. आम्ही रस्त्याच्या कडेला गाडी लावली आणि थोडं चाललो.

हीच गोष्ट गदिमांनी लिहिली आणि व्ही. शांतारामांनी पडद्यावर आणली : ‘दो आँखें बारह हाथ’. सहा कैदी, म्हणून बारा हात, आणि त्यांच्यावर विश्वास टाकणाऱ्या जेलरचे दोन डोळे. १९५७च्या चित्रपटांतून त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, १९५८ला बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वल. ‘श्यामची आई’नंतर दिल्लीच्या सुवर्णपदकाचा धागा आटपाडीच्या माळावर येऊन पोचतो, आणि याची खूण म्हणून रस्त्यावर एक फलकही मला दिसला नाही.

आण्णा तिथेच बांधावर बसले आणि बोलायला लागले. इतकं सलग बोलताना मी त्यांना फार कमी वेळा ऐकलंय.

सत्तरच्या दशकात खरसुंडीच्या पौषी यात्रेत त्यांनी हा सिनेमा चालवला होता. जुनं, घासलेलं रीळ. तंबूत मशीन एकच, त्यामुळे एक रीळ संपलं की दिवे लावायचे, दुसरं चढवायचं, तोवर पब्लिक शिट्ट्या मारणार. मशीनच्या पोटात दोन कार्बनच्या कांड्या समोरासमोर धरलेल्या. वीज सोडली की दोन्हींच्या टोकांमध्ये पांढराजाळ ठिणगा पेटतो, त्याचाच उजेड पडद्यावर जातो. कांड्या जळून आखूड होत जातात. मधलं अंतर वाढलं की चित्र पिवळं पडतं, फार कमी झालं की टोकं चिकटतात. म्हणून ऑपरेटरने एक हात सतत मुठीवर ठेवायचा आणि काळ्या काचेतून ठिणग्याकडे बघत राहायचं. “पिच्चर मी कवा सबंद बगितलाच न्हाई,” आण्णा म्हणाले. “मी ठिणगा बगायचो. पिच्चर कानानं ऐकायचो.”

पण त्या रात्री पब्लिकनं त्यांना मान वर करायला लावली. खरसुंडीची यात्रा खिलार जनावरांची. तंबूत निम्मे बैलांचे व्यापारी. सिनेमात जेलर आणि बैलाची झुंज आली, तशी तंबूत कुजबूज सुरू झाली. (ती झुंज करतानाच शांतारामांच्या डोळ्यांना दुखापत झाली होती आणि काही काळ डोळ्यांवर पट्टी बांधून राहावं लागलं होतं.) व्यापाऱ्यांना नटाशी घेणंदेणं नव्हतं. बैलाचं वशिंड, शिंगांची ठेवण, मारका आहे की घाबरलाय, यावर त्यांची चर्चा. एक म्हातारा उठून उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, बैल मारका न्हाई, भ्यालाय, बाजूला व्हा की रं! सगळा तंबू हसला.

भाजीबाजाराचा प्रसंग मात्र वेगळा. कैदी बाजारात स्वस्तात भाजी विकतात म्हणून दलाल त्यांच्यावर उठतात. तिथं कुणीच हसलं नाही. मागून कुणीतरी म्हणालं, “हे तर आपल्या स्वतंत्रपूरचं हाय.” तोवर आण्णांना ते माहीत नव्हतं. “बातमी अशी पसरली की दुसऱ्या रात्री तंबूत पाय ठिवायला जागा न्हवती. आटपाडीची, दिघंचीची माणसं गाड्या जुपून आली. आपल्या गावचं हाय म्हणून आली, पोरी. हिरोसाठी न्हाई.”

मी जे शोधत या रस्त्याला लागले होते ते हेच. दिल्लीत मिळालेल्या पदकाने या माणसांना फारसा फरक पडला नसता. आपली गोष्ट आपल्या गावात आपल्याच डोळ्यांनी पाहिली, तेव्हा ते खरं पदक त्यांच्या गळ्यात पडलं. परीक्षक मंडळ चित्रपट निवडतं, समारंभ होतो, फोटो छापून येतात, आणि त्यानंतर तो चित्रपट ज्यांचा आहे त्यांच्यापर्यंत जायची काही सोयच नसते. फिरते तंबू होते तोवर ती सोय आपोआप व्हायची.

शेजारच्या टपरीवर चहा घेताना डाळिंबवाल्या एका शेतकऱ्याला मी सिनेमातल्या दलालांचा प्रसंग सांगितला. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, “म्हंजी सत्तर वर्सांपूर्वीच कळलं व्हतं की लोकांना.”

तिथून माडगुळे. गदिमांचा जन्म जवळच्या शेटफळ्याचा, १ ऑक्टोबर १९१९चा, पण घर-शेत माडगुळ्याचं. शेतात पत्र्याची एक साधी खोली आहे, तिला गाव ‘बामणाचा पत्रा’ म्हणतं. मुंबई-पुण्याच्या धकाधकीतून उठून ते इथं लिहायला येत. पत्र्यावर हात ठेवला तर दुपारच्या उन्हाने चटका बसला. आत हवा कोंडलेली, बाहेर ज्वारीचं रान. इतक्या लहान जागेत इतकं मोठं लिहिलं गेलं हे मी मुलांना कसं सांगू, असं वाटत राहिलं.

त्यांचे धाकटे भाऊ व्यंकटेश माडगूळकर इथलेच. त्यांची ‘बनगरवाडी’ ज्या लेंगरेवाडीवरून उभी राहिली तीही याच तालुक्यात. अमोल पालेकरांनी केलेल्या ‘बनगरवाडी’ला ४३व्या पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान मिळाला. एका तरुण मास्तरची गोष्ट आहे ती, धनगरांच्या वाडीवर शाळा चालवणाऱ्या. लेंगरेवाडीत फार वेळ थांबता आलं नाही, उजेड गेला होता. मेंढरं वाड्यात परत येत होती.

एकाच तालुक्यातल्या एकाच घरातले दोन भाऊ, एकाच्या कथेला सुवर्णपदक आणि दुसऱ्याच्या कादंबरीवरच्या चित्रपटाला मराठीतला सर्वोच्च पुरस्कार. महाराष्ट्रात असा दुसरा तालुका मला माहीत नाही.

रविवार : सांगली

सांगलीला येता येता आण्णांनी ‘दो आँखें’मधलं ‘ऐ मालिक तेरे बंदे हम’ गुणगुणलं आणि माझ्या लक्षात आलं की हे गाणंही याच जिल्ह्याचं आहे. शब्द भरत व्यासांचे, चाल वसंत देसाईंची, पण गोष्ट माडगुळ्याची आणि आवाज लता मंगेशकरांचा. जन्म इंदूरचा असला तरी लताबाईंचं बालपण सांगलीत गेलं. मास्टर दीनानाथांची बलवंत संगीत मंडळी इथं होती, पुढे त्यांनी बलवंत पिक्चर्स काढली तीही इथं. आशा भोसले तर जन्मानेच सांगलीच्या, १९३३च्या. गायिकेचा राष्ट्रीय पुरस्कार लताबाईंना ‘परिचय’, ‘कोरा कागज’ आणि ‘लेकिन’साठी मिळाला, आशाबाईंना ‘उमराव जान’ आणि ‘इजाजत’साठी. दादासाहेब फाळके पुरस्कार मोठ्या बहिणीला १९८९चा, धाकटीला २०००चा.

सांगलीने हे जपलंय. दीनानाथांच्या नावाचं नाट्यगृह आहे, विष्णुदास भावे नाट्यमंदिर आहे. १८४३ साली भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ इथेच केलं, म्हणून हे गाव स्वतःला अभिमानाने नाट्यपंढरी म्हणवतं. पण सिनेमाच्या बाबतीत तेवढी आस्था दिसत नाही. आण्णांनी ज्या टॉकीजमध्ये मशीन शिकलं तिथं आता कपड्यांचं दुकान आहे. ते आत गेले, वर छताकडे बघून अंदाज घेतला आणि पँटच्या कापडांच्या ताग्यांकडे बोट दाखवून म्हणाले, “केबिन हितं व्हती.”

आयर्विन पुलावरून कृष्णा पाहिली. ‘संथ वाहते कृष्णामाई’ या चित्रपटालाही राष्ट्रीय पुरस्कार आहे, १९६७चा, मराठीतला सर्वोत्कृष्ट. ते गाणं गदिमांचं. हरिपूरला संगमावर जायचं होतं, पण आण्णांचे गुडघे दुखत होते आणि आमचं दुसरंच काम निघालं होतं.

आटपाडी तालुक्यात माझी एक मैत्रीण शिक्षिका आहे. रात्री तिला फोन केला होता, हे सिनेमे तिथल्या गावातच मोठ्या पडद्यावर दाखवू म्हणून. शाळेचं मैदान आहे, प्रोजेक्टर आहे, ग्रामपंचायत खुर्च्या देईल. चित्रपटाच्या हक्कदारांकडे परवानगीचं पत्र मी लिहायचं, ते गाडीतच लिहून काढलं. ‘दो आँखें’ आणि ‘बनगरवाडी’, दोन रात्री. राहिला पडदा. शाळेतला पडदा पाचफुटी, एका वर्गापुरता.

“पंधरा बाय वीसचा पायजे,” आण्णा म्हणाले. “मांजरपाट घे. चकाकणारं नको, डोळ्यावर येतं.”

कापड पेठेत तिसऱ्या दुकानात मनासारखं मांजरपाट मिळालं. आण्णांनी ते उजेडापुढे धरून विणीतून दिसतंय का ते पाहिलं आणि दुकानदाराकडून दोन वार जास्तीचे मागून घेतले. शिंप्याला त्यांनी स्वतः समजावलं : जोड आडवे घ्यायचे, उभे नाहीत, म्हणजे शिवण नटाच्या तोंडावर येत नाही. चारही बाजूंना वीतभर काळी पट्टी. दोरी ओवायला वरखाली नेफा. आणि खालच्या नेफ्यात बांबू, नाहीतर वाऱ्याने पडद्याचं शीड होतं. शिंपी म्हणाला बुधवारी देतो. आण्णांनी मंगळवार सांगितला.

“धुवून, एकदा ताणून बगायला लागतंय,” ते म्हणाले. “मापात आक्रसतं मांजरपाट.”

मंगळवार ठरला. शिलाई आगाऊ दिली.